परदेशात गाडी चालवणार असाल, तर पंपावर उतरण्याआधी हे वाचा

नमस्कार.

नाशिकमध्ये पंपावर आपण काय करतो? काच खाली करतो, "हजारचं टाका" म्हणतो. पोरगा म्हणतो, "साहेब, झिरो बघा." आपण बघतो, क्यूआर स्कॅन करतो, स्पीकर पैसे आल्याचं ओरडून सांगतो आणि दोन मिनिटांत गाडी पुन्हा मुंबई नाक्याच्या गर्दीत. या दोन मिनिटांत झाकण उघडणं, नोझल निवडणं, भरणं, बंद करणं हे सगळं दुसऱ्या माणसाने केलेलं असतं. परदेशात नेमकी हीच दोन मिनिटं आपल्या अंगावर येतात. तीही अनोळखी भाषेत, अनोळखी यंत्रासमोर, आणि मागे दोन गाड्या थांबलेल्या असताना.

आमच्याकडून भाड्याची गाडी बुक करून जाणारी मंडळी साधारण ठरलेली आहेत. मुलाकडे-मुलीकडे अमेरिकेला गेलेले आईवडील, फेब्रुवारीत बर्लिनच्या फ्रूट लॉजिस्टिका प्रदर्शनाला जाऊन तिथून रॉटरडॅमकडे वळणारे दिंडोरी-निफाडचे द्राक्ष निर्यातदार, आणि सुट्टीत न्यूझीलंड किंवा दुबई बघणारी कुटुंबं. आम्हाला रात्री-अपरात्री त्यांचे जे फोन येतात, ते बहुतेक पंपावरूनच येतात. म्हणून हे पत्रक काढलं. तिकिटांच्या पाकिटात ते असू द्या.

हिरवं नोझल

सुरुवात स्वतःच्या चुकीपासून करतो, कारण ती महागात पडली होती. मी अमेरिकेत भावाकडे महिनाभर राहिलो होतो. तिथे बहुतेक पंपांवर डिझेलचं नोझल हिरवं असतं. ते डोक्यात बसलं. पुढच्या वर्षी आठ जणांना घेऊन नेदरलँड्समध्ये गेलो. गाडी नऊ सीटर आणि डिझेलवर चालणारी. संध्याकाळची वेळ, बारीक पाऊस. मी उतरलो, झाकण उघडलं आणि सरळ हिरवं नोझल उचललं. ते आत गेलंही अगदी अलगद. अकरा लिटर झाल्यावर शेजारच्या पंपावरच्या बाई लगबगीने आल्या आणि माझ्याच गाडीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं. तिथे ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "डिझेल".

युरोपात आणि ब्रिटनमध्ये हिरवं म्हणजे पेट्रोल आणि काळं म्हणजे डिझेल. अमेरिकेच्या नेमकं उलट. त्यातही अमेरिकेत काही कंपन्यांच्या पंपांवर पेट्रोलचं नोझलही हिरवं असतं. त्यामुळे रंगावर कुठेच विसंबू नका, अक्षरं वाचा. नोझल बसलं म्हणजे बरोबर, असंही नाही. पेट्रोलचं नोझल बारीक असतं, ते डिझेलच्या गाडीत सहज शिरतं. डिझेलचं जाड असतं, ते पेट्रोलच्या गाडीत सहसा शिरत नाही. म्हणजे जी चूक जास्त नुकसान करते, तीच करायला जास्त सोपी आहे.

माझं नशीब एवढंच की चावी फिरवली नव्हती. डिझेलच्या गाडीत इंजिनाला इंधन पुरवणारा एक पंप असतो आणि डिझेल हेच त्याचं वंगणही असतं. पेट्रोल गेलं की हा पंप कोरडा घासतो आणि त्याचा कीस सगळ्या यंत्रणेत पसरतो. चुकलंय असं लक्षात आलं तर गाडी सुरू करू नका, नुसती चावी लावून "बघू" असंही करू नका. गिअर न्यूट्रलला टाकून गाडी ढकलून बाजूला घ्या आणि भाड्याच्या कंपनीला फोन करा. टाकी उपसून साफ करावी लागते. चुकीच्या इंधनाचा खर्च भाड्याच्या गाडीच्या साध्या विम्यात बहुधा येत नाही. आमच्याही आला नव्हता, त्या आठ जणांसमोर बिल मी भरलं.

शब्दांचाही घोळ आहे. अमेरिकेत पेट्रोलला गॅस म्हणतात; आपल्यासारखा सीएनजीचा अर्थ तिथे घेऊ नका. इटलीत बेंझिना म्हणजे पेट्रोल आणि गासोलिओ म्हणजे डिझेल. स्पेनमध्ये गासोलिना हे पेट्रोल, गासोलेओ हे डिझेल. फ्रान्समध्ये गाझोल हे डिझेल, तर पेट्रोलच्या पंपावर ९५ किंवा ९८ हा ऑक्टेनचा, म्हणजे पेट्रोलच्या दर्जाचा, आकडा दिसतो. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०१८पासून एक चांगली सोय केली आहे. पंपावर, नोझलवर आणि नव्या गाड्यांच्या झाकणाआड चिन्ह असतं: पेट्रोलला गोल, डिझेलला चौकोन. गोलात इंग्रजी ई आणि पुढे ५ किंवा १० असं लिहिलेलं असतं, म्हणजे त्यात कमाल तितके टक्के इथेनॉल. चौकोनात बी आणि ७ बहुतेक ठिकाणी दिसेल. भाषा येत नसली तरी गोल आणि चौकोन ओळखता येतात. गाडी ताब्यात घेतानाच झाकण उघडून त्याचा मोबाइलवर फोटो काढा.

जपानला जाणाऱ्यांनी वेगळं लक्षात ठेवावं: तिथे लाल नोझल साधं पेट्रोल, पिवळं जास्त ऑक्टेनचं आणि हिरवं डिझेल. डिझेलला तिथे केइयु म्हणतात आणि छोट्या गाड्यांना केइ कार. दोन्हींत "केइ" ऐकून माणसं फसतात. केइ कारमध्ये पेट्रोलच भरायचं.

अमेरिकेत पंपावर ८७ आकडा पाहून काही जण घाबरतात, की आपल्याकडे साधं पेट्रोलही ९१चं असायचं आणि हे हलकं दिसतंय. मोजायची पद्धत वेगळी आहे. तिथलं ८७ साधारण आपल्या मोजणीतल्या ९१ इतकंच. आणि दर लिटरचा नसतो, गॅलनचा असतो. एक अमेरिकन गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर.

आधी पैसे की आधी पेट्रोल

हे प्रत्येक देशात वेगळं आहे, आणि पंपावर होणारी निम्मी घालमेल याचीच असते.

अमेरिकेत आधी पैसे. पंपातच कार्ड घालायची सोय असते, पण कार्ड घातलं की यंत्र पाच आकडी झिप कोड विचारतं. आपला पिनकोड सहा आकडी, बँकेत नोंदवलेला आपला पत्ता नाशिकचा. यंत्र कार्ड नाकारतं. यात कार्ड बंद पडलेलं नसतं, त्यामुळे बँकेला फोन लावत बसू नका. आत दुकानात जा, आपल्या पंपाचा नंबर सांगा, "पंप सात, चाळीस डॉलर" एवढं पुरे. कार्ड काउंटरवर चालतं. टाकी एकतीस डॉलरमध्ये भरली तर कार्डावर एकतीसच लागतात. बऱ्याच पंपांवर रोखीचा दर कार्डापेक्षा थोडा कमी असतो. पाटीवर दोन आकडे दिसले तर ते त्यासाठी. एडिसनला मुलाकडे उतरणाऱ्यांना मात्र गंमत वाटेल, कारण न्यू जर्सीत आजही स्वतः पेट्रोल भरायला कायद्याने मनाई आहे, माणूस येऊन भरतो. तिथे सवय लागते आणि पेनसिल्व्हेनियात शिरल्यावर मंडळी गाडीत वाट बघत बसतात. तिथे कोणी येत नाही.

ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात बहुतेक वेळा उलट: आधी भरा, मग आत जाऊन पंपाचा नंबर सांगून पैसे द्या. म्हणून भरतानाच नंबर बघून ठेवा. गाडी तिथेच सोडून आत जायचं, यात काही चुकत नाही.

इटलीत एकाच पंपावर दोन दर असतात, "सेल्फ" आणि "सेर्वितो". सेर्वितोच्या बाजूला गाडी लावली की माणूस येऊन भरतो आणि लिटरमागे बरंच जास्त घेतो. रात्री किंवा रविवारी माणूस नसतो, नोटा घेणारं यंत्र असतं. ते उरलेले पैसे परत देत नाही, फार तर चिठ्ठी देतं. लहान नोटा घाला. फ्रान्समध्ये गावाबाहेरच्या सुपरमार्केटचे पंप स्वस्त, पण बहुतेक वेळा तिथे फक्त कार्ड. दुबईत अजूनही बहुतेक ठिकाणी माणूस भरून देतो. दक्षिण आफ्रिकेतही, आणि तिथे त्याच्या हातावर थोडे पैसे ठेवायची रीत आहे.

अडकलेले पैसे

कार्ड थेट पंपात घातलं की आपण किती भरणार हे यंत्राला माहीत नसतं. म्हणून ते आधी एक मोठी रक्कम राखून ठेवतं. ब्रिटनमध्ये ती साधारण शंभर पौंडांच्या आसपास असते, अमेरिकेत १७५ डॉलरपर्यंत जाऊ शकते. तुम्ही तीस डॉलरचं भरलं तरी मेसेज मोठ्या रकमेचा येतो. दोन-तीन ग्राहकांनी तो पाहून आम्हाला घाबरून फोन केला होता की फसवणूक झाली. तसं नसतं. खरी रक्कम नंतर लागते आणि बाकीची सुटते.

पण सुटायला किती वेळ लागतो, हे कार्डावर अवलंबून आहे. क्रेडिट कार्डावर फक्त मर्यादा अडकते. डेबिट कार्डावर किंवा फॉरेक्स कार्डावर (ज्यात परदेशी चलन आधीच भरून ठेवतात) तुमचे खरे पैसे अडकतात आणि कधी कधी बरेच दिवस अडकून राहतात. दहा दिवसांच्या सहलीत चार वेळा पंपात फॉरेक्स कार्ड घातलं, तर शेवटच्या दिवशी हॉटेलात कार्ड रिकामं दिसेल. म्हणून आमचं ठाम सांगणं आहे: पंप आणि गाडीचं डिपॉझिट क्रेडिट कार्डावर, खाणंपिणं आणि खरेदी फॉरेक्स कार्डावर. डिपॉझिटसाठी गाडी ज्याच्या नावावर, त्याच माणसाचं क्रेडिट कार्ड लागतं. बुकिंग वडिलांच्या नावावर आणि कार्ड मुलाचं, असं झालं तर काउंटरवर गाडी नाकारतात.

रुपये दाखवले तर "नको" म्हणा

परदेशात यंत्रावर कधी कधी दोन पर्याय येतात: तिथल्या चलनात द्या किंवा रुपयांत द्या. रुपये दिसले की आपल्याला आपलं माणूस भेटल्यासारखं वाटतं आणि बोट तिकडे जातं. तो दर बँकेच्या दरापेक्षा चार-पाच टक्के, कधी त्याहून जास्त महाग असतो. वर काही बँका वेगळा आकारही लावतात. पंप असो, हॉटेल असो, एटीएम असो, नेहमी तिथलं चलन निवडा.

तिथलं चलन निवडूनही आपली बँक स्वतःचा आकार घेतेच. तो बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत असतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. पन्नास हजारांच्या खर्चावर १,७५० अधिक ३१५, म्हणजे २,०६५ रुपये. निघण्याआधी तुमच्या कार्डाचा आकार विचारून घ्या.

निघण्याआधी कार्ड तपासा

१६ मार्च २०२०पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवी कार्डं फक्त देशात चालतील अशीच मिळतात. परदेशी वापर बँकेच्या अॅपमध्ये आपणच सुरू करायचा असतो. विमानतळावर उतरल्यावर हे आठवलं तर ओटीपी येणार नाशिकच्या नंबरवर, आणि रोमिंग बंद. घरूनच करा.

कार्डाचा पिन आठवतोय का तेही बघा. रोज यूपीआय वापरून कार्डाचा पिन बहुतेकांच्या डोक्यातून गेलेला असतो, आणि माणसं यूपीआयचाच पिन दाबतात. दोन-तीन वेळा चुकला की कार्ड अडकतं. जाण्याआधी किराणा दुकानात एकदा कार्ड घालून, पिन दाबून पैसे देऊन बघा. कार्ड व्हिसा किंवा मास्टरकार्डचं असू द्या. दुसरं कार्ड वेगळ्या बॅगेत ठेवा.

यूपीआय भूतान, नेपाळ, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती इथे काही ठिकाणी चालतं. फेब्रुवारी २०२४मध्ये श्रीलंका आणि मॉरिशस त्यात आले, पॅरिसच्या आयफेल टॉवरच्या तिकिटालाही चालू झालं. अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर सुरू करावा लागतो. पण पंपावर यूपीआय चालेल या भरवशावर टाकी रिकामी होऊ देऊ नका.

रोख थोडीच न्या. बहुतेक देशांसाठी नोटांच्या रूपात ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात, आणि आपले रुपये २५,०००पर्यंत. नातेवाइकांनी कपाटातून काढून दिलेल्या पौंडाच्या नोटा मात्र आम्हाला आधी दाखवा. वीस आणि पन्नास पौंडांच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२नंतर दुकानांत चालत नाहीत, तिथे आता प्लास्टिकच्या नोटा आहेत. गंगापूर रोडच्या एका काकूंनी वीस वर्षं जपलेलं पाकीट घेऊन लंडन गाठलं होतं. बँक ऑफ इंग्लंडमध्ये जुन्या नोटा बदलून मिळतात, पण त्यात त्यांचा अख्खा दिवस गेला.

टोल

घोटीला किंवा पिंपळगावला टोलनाका दिसतो, फास्टॅग वाजतो. परदेशात बऱ्याच ठिकाणी नाकाच नसतो. दुबईत सालिक, म्हणजे तिथला टोल, आपोआप कापला जातो. लंडनजवळच्या डार्टफर्ड क्रॉसिंगचे पैसे दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत आपण स्वतः भरायचे. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या महामार्गांना आधी विन्येट, म्हणजे ठरावीक मुदतीचा टोल-पास, घ्यावा लागतो. विसरलात तर दंड भाड्याच्या कंपनीकडे जातो, ती वर आपला आकार लावते आणि दोन महिन्यांनी तुमच्या कार्डावरून कापते.

गाडी परत करताना

"फुल टाकी घ्या, फुल टाकी द्या" हाच करार मागा. परत देण्याआधी विमानतळाच्या अगदी दारातला पंप टाळा, थोडा आधीचा स्वस्त असतो. पावती घ्या, काट्याचा आणि किलोमीटरचा फोटो काढा. टाकीचं झाकण कुठल्या बाजूला आहे हे डॅशबोर्डवर पंपाच्या चित्राशेजारचा छोटा बाण सांगतो. न्यूझीलंडमध्ये डिझेलची गाडी घेतलीत तर पंपावर स्वस्त वाटेल, पण तिथे डिझेल गाड्यांना किलोमीटरमागे रस्ताकर आहे आणि तो शेवटी बिलात येतो. काउंटरवर "इलेक्ट्रिक देतो, तेवढ्याच पैशांत" म्हणाले आणि चार्जिंग कधी केलं नसेल, तर नम्रपणे नाही म्हणा.

आंतरराष्ट्रीय परवाना पेठ रोडच्या आरटीओतून मिळतो आणि तो एक वर्ष चालतो. त्याचा अर्ज भरून द्यायला आम्ही मदत करतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

निघण्याच्या आठ दिवस आधी कार्डं आणि मोबाइल घेऊन ऑफिसात या. तुमच्या समोर बसून परदेशी वापर सुरू करून देऊ आणि तुमच्या गाडीच्या झाकणामागे कुठलं चिन्ह असेल तेही दाखवू. अर्धा तास लागतो. चहा आहेच.