पार्श्वभूमी : ट्रॅमाडॉल एनडीपीएसमध्ये (अमली पदार्थांच्या कायद्यात) कसं जाऊन बसलं

नाशिकच्या गोळे कॉलनीतल्या औषधांच्या होलसेलवाल्यांसमोर ‘पेनकिलर’ म्हणून बघा, ते लगेच विचारतात, कुठली? आपण मात्र हा शब्द बिनधास्त वापरतो. गुडघा दुखला, पेनकिलर. दाढ दुखली, पेनकिलर. त्यात डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आलं, ते पोट आणि किडनी खराब करेल पण तलप लावणार नाही (गिधाडं मेली ती याच डायक्लोने, म्हणून २००६ ला जनावरांसाठी बंद केलं, तो विषय वेगळा). आणि त्यातच अफूच्या कुळातली किंवा तशीच काम करणारी औषधंही आली, कोडीन, मॉर्फिन, ट्रॅमाडॉल, यांची लागते. वर आपल्या जिल्ह्यात मालेगावची ‘कुत्ता गोळी’ आहे, ती तर पेनकिलरच नाही, ते अल्प्राझोलाम, म्हणजे झोपेची-घबराटीची गोळी. पण बातमीत सगळं ‘नशेच्या गोळ्या’ या एकाच पोत्यात. २०२३ ला शिंदे गावात एमडीचा (म्हणजे मेफेड्रोन, नशेची पावडर) कारखाना सापडला तेव्हापासून तर नाशिकमध्ये ड्रग्ज म्हटलं की एमडीच, डॉक्टरच्या चिठ्ठीवर सुरू होणाऱ्या व्यसनाबद्दल कोणी बोलतच नाही. म्हणून हे लिहितोय.

अमेरिकेत या अफूवर्गीय गोळ्यांनी काय केलं ते बहुतेकांना माहितीये, डॉक्युमेंट्री बघून झाल्यात, त्यामुळे भराभर सांगतो. १९८० ला एका मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये पाच वाक्यांचं पत्र छापून आलं, हॉस्पिटलमध्ये ॲडमिट असताना ही औषधं दिलेल्या ११,८८२ पेशंटपैकी फक्त चौघांना व्यसन लागलं, बस एवढंच. ते सगळे ॲडमिट पेशंट, नर्सच्या हातून मोजून डोस घेणारे, घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणारे नव्हेत. पण पुढे सहाशेच्या वर लेखांत या पत्राचा दाखला दिला गेला, बहुतेकांनी ‘व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून. १९९६ ला ऑक्सिकॉन्टिन हे अशाच कुळातलं पेनकिलर बाजारात आलं, गोळी हळूहळू विरघळते म्हणून गैरवापर कमी होईल असं लेबलवरच छापलेलं, लोकांनी ती कुटून ओढली. मग चिठ्ठ्या आवळल्या, २०१० ला गोळी कुटता येणार नाही अशी केली, लोक हेरॉइनकडे वळले, २०१३ पासून फेंटानिल, म्हणजे त्याहून कितीतरी जोरदार, कारखान्यात बनणारं अफूवर्गीय औषध. २०२१ पासून सलग तीन वर्षं तिथे ओव्हरडोसने वर्षाला लाखाच्या वर माणसं गेली.

आपल्याकडे गाडी उलट्या दिशेने गेली. १९८५ ला एनडीपीएस कायदा आला, किमान दहा वर्षं शिक्षा, आणि मॉर्फिन ठेवायचं तर वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने, एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा यायचा नाही. हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वापर ९७ टक्क्यांच्या आसपास घसरला. अफू आपण कायदेशीर पिकवतो, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखान्यांत ती प्रोसेस होते, बाहेर जाते, आणि इथे कॅन्सरचा पेशंट रात्रभर ओरडतोय. हे मला आजही पटत नाही.

मग डॉक्टरांनी काय केलं, तर कायद्याच्या तावडीत नसलेलं किंवा कमी कटकटीचं जे होतं ते लिहिलं. पेंटाझोसिनची इंजेक्शनं, ब्युप्रेनॉर्फिन, डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफिनच्या निळ्या कॅप्सुली (मणिपूर-मिझोरममध्ये पोरांनी त्या पाण्यात विरघळवून शिरेत टोचल्या, हातपाय सडले, २०१३ ला बंदी आली). कोडीनचं खोकल्याचं सिरप होतंच. आणि या सगळ्यांत सभ्य दिसणारं ट्रॅमाडॉल. ते १९६२ ला जर्मनीत बनलं, थॅलिडोमाइडवाल्याच कंपनीत (गरोदर बायकांना दिलं आणि बाळं अपंग जन्मली, ते औषध), १९७७ ला बाजारात आलं आणि खपवलं कसं तर काम अफूचं, धोका अफूचा नाही.

त्यातली मेख अशी की ट्रॅमाडॉलचं खरं जोरदार काम ते लिव्हरमध्ये जाऊन बदलल्यावर सुरू होतं, आणि हा बदल करणारं एन्झाइम कोणाचं तेज, कोणाचं मंद. त्यामुळे एकाला पन्नास मिलिग्रॅमने काहीच होत नाही आणि दुसरा तरंगतो. जास्त झालं तर फिट येते. आणि अचानक थांबवलं तर अंग मोडून येणं, घाम, जुलाब हे तर आहेच, वर घबराट. पेशंटला वाटतं मूळ दुखणंच वाढलं, म्हणून तो परत मेडिकलवर.

१ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन ही चिठ्ठीवरच्या औषधांची कडक यादी लागू झाली, त्यात ट्रॅमाडॉल होतं. पाकिटावर लाल चौकट, दुकानदाराने वेगळं रजिस्टर ठेवायचं, तीन वर्षं जपायचं. नियम चांगला. पण माझ्या एका नातेवाइकांचं कंबरेचं ऑपरेशन झालं होतं, त्यांनी एकाच चिठ्ठीवर वर्षभर गोळ्या आणल्या, चिठ्ठीची घडी फाटायला आली तरी कोणी तारीख बघितली नाही. दुकान कुठलं ते सांगत नाही, तसंही ते एकच दुकान नव्हतं.

आता तो २०१८ चा निर्णय. एप्रिलमध्ये ट्रॅमाडॉल एनडीपीएसमध्ये टाकलं, पण नार्कोटिक म्हणून नाही तर ‘सायकोट्रॉपिक’ (मनावर परिणाम करणारं) म्हणून. औषध काम करतं अफूसारखं आणि यादी वेगळीच! हे नुसतं नावाचं भांडण नाही. २०१४ च्या दुरुस्तीत मॉर्फिन, कोडीन, फेंटानिल अशा सहा औषधांना ‘अत्यावश्यक नार्कोटिक’ म्हणून एका परवान्याची सोय झाली होती, ट्रॅमाडॉल त्या रांगेतच नाही. ते दुकानात मिळत राहिलं, नेहमीच्या ड्रग लायसन्सवर, पण बिल-चिठ्ठीशिवाय पिशवीत सापडलं की गुन्हा थेट एनडीपीएसचा. आणि तिथे हिशोब वजनावर. ट्रॅमाडॉलचं २५० ग्रॅम म्हणजे व्यावसायिक प्रमाण, शिक्षा दहा ते वीस वर्षं. आता वजन कशाचं? कॅप्सुलीत औषध पन्नास मिलिग्रॅम, बाकी भुकटी. नुसतं औषध धरलं तर ५,००० कॅप्सुली लागतात, आख्खी पाव ग्रॅमची कॅप्सूल धरली तर १,००० पुरतात. २०२० ला देशातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने मिश्रणाचं एकूणच वजन धरायचं असं सांगितलं. कायद्याच्या बाजूने त्याला कारणं आहेत, पण मोठा सप्लायर आणि स्वतः व्यसनी असलेला फुटकळ विकणारा पोऱ्या एकाच तागडीत येतात हेही खरंच.

वेदनाशमनवाले डॉक्टर तेव्हा ओरडत होते की मॉर्फिन अजून गावागावात पोचलेलं नाही, त्यात हे एक मधलं औषध होतं तेही घाबरवून टाकू नका. औषधांची जागतिक यादी ठरवणाऱ्या तज्ज्ञ समितीनेही ट्रॅमाडॉल अनेकदा तपासलं आणि आंतरराष्ट्रीय बंधन घाला असं काही म्हटलं नाही, कारण गरीब देशांत दुसरं मिळतच नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणंही खोटं नव्हतं. नायजेरिया, घाना, इजिप्तमध्ये भारतातून गेलेल्या ट्रॅमाडॉलचे ढीग पकडले जात होते, २२५ आणि २५० मिलिग्रॅमच्या गोळ्या, आपल्याकडे दुकानात ५० आणि १०० मिळते. म्हणजे त्या मुळात पेशंटसाठी बनवल्याच नव्हत्या.

तिकडे ते घेत कोण होतं? बरेचसे कष्टकरी, ड्रायव्हर, शेतमजूर. कॅमेरूनची गंमत ऐका, २०१३ ला शास्त्रज्ञांना तिथल्या एका झाडाच्या मुळात चक्क ट्रॅमाडॉल सापडलं, निसर्गाचं औषध म्हणून केवढा गाजावाजा. २०१४ ला दुसऱ्या टीमने सांगितलं, अहो, शेतकरी स्वतः घेतात आणि बैलांनाही देतात, मूत्रातून जमिनीत आणि जमिनीतून मुळात गेलं. पहिल्या टीमला ते मान्य नाही. आपल्या निफाड-दिंडोरीत द्राक्षांच्या गोडी छाटणीच्या दिवसांत मजूर सकाळीच गोळी टाकून बागेत शिरतात, ती बहुतेक डायक्लोची असते. बहुतेक.

२०१९ ला सरकारी सर्वेक्षण आलं, त्यात १० ते ७५ वयातले ०.९६ टक्के लोक गोळ्या-सिरप-इंजेक्शनवाली अफूवर्गीय औषधं नशेसाठी घेतात असं निघालं. अफूचा आकडा त्याहून कमी, ०.५२.

ट्रॅमाडॉल आवळल्यावर टॅपेन्टाडॉल पुढे आलं, त्याच जर्मन कंपनीचा धाकटा भाऊ. २०२५ च्या फेब्रुवारीत एका परदेशी वृत्तसंस्थेने छुपा कॅमेरा लावून दाखवलं की मुंबईची एक कंपनी टॅपेन्टाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल (स्नायू सैल करणारं, सवय लावणारं औषध) यांचं मिश्रण, जगात कुठेच मान्यता नसलेलं, पश्चिम आफ्रिकेत पाठवतेय. दोन-चार दिवसांत केंद्राने या मिश्रणाचं उत्पादन आणि निर्यात दोन्हीची परवानगी काढून घेतली. फक्त मिश्रणाची.