मेदजन्य मूलपेशींचे त्रिमितीय संवर्धन

माणसाच्या चरबीतून वेगळ्या काढलेल्या मूलपेशी (ज्यांच्यापासून इतर प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा पेशी) प्लॅस्टिकच्या सपाट तळावर न पसरवता गोळ्यांच्या, जेलच्या किंवा सच्छिद्र साच्यांच्या आधाराने तिन्ही मितींत वाढवण्याची प्रयोगशाळेतील पद्धत. ऊती अभियांत्रिकी (प्रयोगशाळेत ऊती घडवणे), औषधांची चाचणी आणि मधुमेहासारख्या चयापचयाच्या विकारांचा अभ्यास, अशा तीन कामांसाठी ती मुख्यतः वापरली जाते.

चरबीच्या ऊतीत तेलाने भरलेल्या मोठ्या पेशींखेरीज रक्तवाहिन्या, प्रतिकारपेशी आणि आधारपेशींचे जाळे असते. १९६४ साली मार्टिन रॉडबेल यांनी कॉलॅजिनेज या विकराने उंदराची चरबी विरघळवून तिच्यातल्या पेशी सुट्या केल्या. हीच रीत थोड्या फरकाने आजही चालते. २००१ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या पॅट्रिशिया झुक आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की लायपोसक्शनमध्ये ओढून काढलेल्या चरबीतल्या काही पेशी योग्य रसायने मिळाली तर हाड, कूर्चा, मेद आणि स्नायू यांच्या दिशेने वळतात. तोवर अशा पेशींसाठी अस्थिमज्जेवरच भिस्त होती, आणि मज्जा काढायची म्हणजे कमरेच्या हाडात जाड सुई. चरबी मात्र शस्त्रक्रियेनंतर पिवळ्या पिशवीत टाकून जाळायला पाठवली जाते. शिवाय वजनास वजन धरले तर तिच्यात मज्जेपेक्षा कितीतरी पट जास्त मूलपेशी सापडतात. या विषयाची भरभराट झाली ती बरीचशी या फुकटच्या कच्च्या मालामुळे, असे म्हणायला हरकत नाही.

रुग्णाची लेखी संमती आणि नैतिकता समितीची परवानगी घेऊन शस्त्रक्रियागृहातून आणलेली चरबी पिवळट-लालसर आणि ओशट असते. ती मिठाच्या बफरने (आम्लता स्थिर राखणाऱ्या द्रावणाने) रक्ताचा रंग उतरेपर्यंत धुतात, मग कॉलॅजिनेज घालून ३७ अंश सेल्सिअसला अर्धा ते एक तास हलवत ठेवतात. सेंट्रिफ्यूज या गरगर फिरवणाऱ्या यंत्रातून बाहेर आलेल्या नळीत थर स्पष्ट दिसतात. सगळ्यात वर फुटलेल्या पेशींचे तेल, त्याखाली तरंगणाऱ्या प्रौढ मेदपेशी, मग पाणचट द्रव आणि तळाशी तांबूस गोळी. ज्याला चरबी म्हणायचे ते सगळे वर राहते आणि टाकून दिले जाते. कामाची असते ती तळाची गोळी. तिच्यात रक्तपेशी, रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी आणि मूलपेशी यांची सरमिसळ असते. ती फ्लास्कमध्ये टाकली की एक-दोन दिवसांत मूलपेशी तळाला चिकटतात, बाकीच्या बऱ्याचशा मीडिया (पेशींचे पोषक द्रव) बदलताना धुऊन जातात. ओळख पटवण्यासाठी २००६ साली ठरलेले आंतरराष्ट्रीय निकष लावतात. पेशी प्लॅस्टिकला चिकटल्या पाहिजेत, त्यांच्यावर सीडी७३, सीडी९० आणि सीडी१०५ ही चिन्हे असली पाहिजेत, रक्तपेशींची चिन्हे नसली पाहिजेत आणि त्यांच्यापासून हाड, कूर्चा व मेद तिन्ही तयार करून दाखवता आले पाहिजेत.

खरी अडचण इथून पुढे सुरू होते. शरीरात ही पेशी काही किलोपास्कल (कडकपणा मोजण्याचे एकक) इतक्या मऊ ऊतीत, चहूबाजूंनी शेजार असताना राहते. फ्लास्कचे प्लॅस्टिक त्याहून लाखो पटींनी कडक असते, आणि पेशी त्यावर ताणून चपटी होते. आधाराचा कडकपणा मूलपेशीला दिशा देतो, हे अ‍ॅडम एंग्लर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मज्जेतल्या मूलपेशींवर दाखवले. मऊ जेलवर त्या चेतापेशींसारख्या, मध्यम जेलवर स्नायूंसारख्या आणि कडक जेलवर हाडासारख्या वागू लागल्या. सपाट तळावर पुनःपुन्हा पॅसेज केलेल्या, म्हणजे नव्या भांड्यात हलवून वाढवलेल्या, मेदजन्य पेशी हळूहळू मोठ्या, आळशी आणि वृद्ध होतात. त्यांच्यापासून मेदपेशी बनवल्या तर आत तेलाचे पुष्कळ बारीक थेंब दिसतात, शरीरातल्या मेदपेशीसारखा एकच मोठा थेंब सहसा दिसत नाही. त्रिमितीय संवर्धनात ही नक्कल अस्सलाच्या बरीच जवळ जाते.

सगळ्यात साधी आणि स्वस्त रीत लटकत्या थेंबाची. पेट्री डिशच्या झाकणावर २० ते ३० मायक्रोलिटरचे थेंब ओळीने ठेवायचे, झाकण एका झटक्यात पण न थरथरता उलटे करायचे आणि खाली थोडे बफर ठेवायचे, म्हणजे थेंब सुकत नाहीत. चिकटायला जागाच नसल्याने पेशी थेंबाच्या टोकाशी जमतात आणि एक-दोन दिवसांत एकमेकींना धरून घट्ट गोळा बनवतात. त्याला स्फेरॉइड म्हणतात. हात बसेपर्यंत झाकण उलटताना शेजारचे थेंब एकमेकांत मिसळतात, हे शिकाऊ विद्यार्थ्यांना चांगलेच ठाऊक असते. जास्त संख्येने स्फेरॉइड हवे असतील तर पेशी चिकटू न देणाऱ्या खळग्यांच्या प्लेट वापरतात. दुसरा मार्ग आधार देण्याचा: कोलॅजन, अल्जिनेट किंवा जिलेटिनची जेल, रेशमातील फायब्रॉइनचे सच्छिद्र साचे, किंवा पेशी मिसळलेल्या जेलची त्रिमितीय छपाई. कोट्यवधी पेशी हव्या असतील तर सूक्ष्म मण्यांवर पेशी चिकटवून ते मणी ढवळत्या बायोरिअ‍ॅक्टरमध्ये वाढवतात.

गोळा झाला म्हणजे काम झाले असे नाही. रक्तवाहिनी नसेल तर ऊतीत प्राणवायू साधारण १०० ते २०० मायक्रोमीटरच आत झिरपतो. त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे गेलेल्या स्फेरॉइडचा गाभा उपाशी पडून मरू शकतो. गंमत अशी, की थोडीशी उपासमार फायद्याची ठरते. प्राणवायू कमी झाला की पेशी नव्या रक्तवाहिन्यांना बोलावणारी व्हीईजीएफसारखी प्रथिने जास्त स्रवतात. मूलपेशींच्या उपचारमूल्यातला मोठा वाटा अशा स्रावांचाच असल्याचे आता मानले जाते. थोडी भूक आणि मरण यांतली रेघ मात्र बारीक आहे. मोजमापही सोपे नाही. सपाट थरासाठी बनवलेले रंग गाभ्यापर्यंत पोचत नाहीत, सूक्ष्मदर्शकाला आतले धूसर दिसते, आणि शेवटी गोळ्याचे पातळ काप काढून पाहावे लागतात.

पुण्यात पेशीसंवर्धनाची परंपरा जुनी आहे. आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या केंद्रात के. आर. पी. सिंग यांनी १९६७ साली एडिस डासांच्या अळ्यांपासून सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढत राहणाऱ्या पेशींचे वाण, तयार केल्या. त्यातल्या एकीचा क्लोन (एकाच पेशीपासून वाढवलेला वंश) डेंगीचा विषाणू वाढवण्यासाठी आजही जगभर वापरतात. गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारातली एनसीसीएस (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) ही संस्था १९८६ मध्ये ऊती व पेशी संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणून सुरू झाली. देशभरातल्या प्रयोगशाळांना सेल लाइन पुरवणारे भांडार तिथे आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रेशमी फायब्रॉइनच्या सच्छिद्र साच्यांवर काम झाले आहे. जीवशास्त्र आणि बहुवारिकांचे रसायनशास्त्र अशी दोन्ही कौशल्ये एकाच शहरात, अर्ध्या तासाच्या अंतरावर मिळणे ही या विषयातली मोठी सोय आहे.

पुण्याचा चरबीशी आणखीही एक संबंध आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत आपलीच तुलना छापली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीयांत चरबी जास्त का साठते आणि ती इन्सुलिनला दाद का देत नाही, हे तपासायला उंदीर अपुरा पडतो. भारतीय दात्यांच्या पेशींपासून घडवलेली त्रिमितीय मेद ऊती इथे उपयोगी पडू शकते. प्रस्तुत लेखकाच्या मते गुडघ्यात मूलपेशी टोचणाऱ्या इंजेक्शनांपेक्षा या पद्धतीचे खरे काम इथे आहे.

उपचारांच्या बाबतीत चित्र संमिश्र आहे. क्रोन्स या आतड्याच्या दीर्घकालीन दाहाच्या रोगातल्या भगंदरासाठी दात्याच्या मेदजन्य मूलपेशींपासून बनवलेल्या अलोफिसेल या औषधाला युरोपात २०१८ मध्ये मान्यता मिळाली. पुढच्या मोठ्या चाचणीत ते अपेक्षेला उतरले नाही, आणि २०२४ मध्ये ते बाजारातून मागे घेतले गेले. भारतात २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्त बनवणाऱ्या मूलपेशींचे ठरावीक उपचार सोडले, तर बाकी कोणताही वापर मान्यताप्राप्त वैद्यकीय चाचणीतच करता येतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी तर औषधाच्याच कक्षेत येतात. संधिवात, केसगळती, सुरकुत्या अशा एका दमात वाचल्या जाणाऱ्या याद्या देऊन 'तुमच्याच चरबीतून उपचार' विकणाऱ्या जाहिराती या चौकटीत बसत नाहीत.