ब्यूटचे चायनाटाउन : वस्ती विरली, वारसा कोणी राखला?

अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील ब्यूट हे आज सुमारे ३५,००० लोकवस्तीचे शहर आहे. शहराच्या जुन्या भागात, वेस्ट मर्क्युरी स्ट्रीटवर, ‘वाह चाँग ताई’ आणि ‘माय वाह’ या नावांच्या दोन विटांच्या इमारती एकमेकींना लागून उभ्या आहेत. पहिली १८९९ची, दुसरी १९०९ची. एकेकाळी येथे किराणा, चहा, औषधी वनस्पती आणि चिनी मातीची भांडी विकली जात, वरच्या मजल्यावर नूडल्स मिळत. आता तेथे ब्यूटच्या चिनी वस्तीचे संग्रहालय आहे. ते ज्यांनी उभे केले आणि चालवले, त्यांच्यातील बरेच जण चिनी वंशाचे नाहीत. वस्ती जवळजवळ संपल्यावर तिची आठवण राखण्याचे काम शेजाऱ्यांनी अंगावर घेतले, ही बाब समजून घ्यायची तर आधी त्या वस्तीचे नेतृत्व कोणाकडे होते आणि ते कोणत्या परिस्थितीत घडले, हे पाहावे लागते.

मोंटानात सोने सापडले ते १८६२-६३मध्ये. कॅलिफोर्नियाच्या खाणी ओसरू लागल्यावर तेथील चिनी मजूर आणि व्यापारी उत्तरेकडे सरकले आणि १८७०च्या जनगणनेत या प्रदेशात १,९४९ चिनी नोंदले गेले. म्हणजे नोंद झालेल्या दर दहा माणसांमागे जवळपास एक. त्यांतील बहुतेक जण दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील, त्यातही ‘सियी’ म्हणजे चार तालुक्यांच्या पट्ट्यातील होते. (मुंबईत माझगावला १९१९ साली उभे राहिलेले सी यप मंदिर याच पट्ट्यातून आलेल्या लोकांचे, ‘सी यप’ हा त्याच नावाचा कँटोनीज उच्चार.) १८८१च्या अखेरीस ब्यूटपर्यंत लोहमार्ग पोहोचला, पुढच्या काही वर्षांत सोन्याचांदीची जागा तांब्याने घेतली आणि विजेच्या तारांसाठी जगाला तांबे हवे असल्यामुळे डोंगरउतारावरचे हे खाणगाव काही दशकांतच मोठे औद्योगिक शहर झाले.

या भरभराटीत चिनी माणसाला खाणीच्या बोगद्यात मात्र जागा नव्हती. ब्यूट हे कामगार संघटनांचे बलाढ्य केंद्र होते, आणि खाणीतील काम गोऱ्या कामगारांसाठी राखून ठेवणे हा त्या बळाचाच एक उपयोग होता. त्यामुळे चिनी लोक कपडे धुण्याची दुकाने, खाणावळी, भाजीचे मळे, घरकाम, शिंपीकाम आणि व्यापार यांकडे वळले. तेथेही कायदा त्यांच्या मागावर होताच. १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास बंदी झाली आणि १८९२च्या गिअरी कायद्याने देशात असलेल्यांना रहिवासाचा दाखला जवळ बाळगणे सक्तीचे झाले. मोंटानाचे स्वतःचे कायदे निराळे. हाताने कपडे धुणाऱ्या दुकानांवर राज्याने दहा डॉलरचा परवाना कर लावला. वाफेवर चालणाऱ्या मोठ्या लाँड्र्या त्यातून वगळल्या आणि एकट्यादुकट्या धुणाऱ्या स्त्रियांनाही सूट दिली. मग कर भरायला उरले कोण, हे सांगायला नको. क्वाँग विंग नावाच्या दुकानदाराने हा कर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला, पण १९१२मध्ये निकाल त्याच्या विरोधात गेला. १९०९च्या राज्य कायद्याने चिनी आणि गोऱ्या व्यक्तींमधील विवाहही अवैध ठरवला होता; तो रद्द व्हायला १९५३ उजाडले. पुरुष बहुसंख्य, स्त्रिया मोजक्या, बाहेर लग्न करण्यास मनाई आणि चीनमधून कुटुंब आणण्यावर निर्बंध, अशा वस्तीत दुसरी पिढी मोठ्या संख्येने जन्माला येणे शक्य नव्हते. तिचा पुढचा ऱ्हास कायद्यानेच आखून ठेवलेला होता.

वस्तीच्या नेतृत्वाची खरी कसोटी लागली ती १८९६-९७च्या हिवाळ्यात. सिल्व्हर बो ट्रेड्स अँड लेबर असेंब्ली या कामगार संघटनांच्या महासंघाने चिनी दुकानांवर आणि चिनी नोकर ठेवणाऱ्यांवर बहिष्कार पुकारला. दुकानांसमोर फलक घेऊन माणसे उभी राहत, येणाऱ्या गिऱ्हाइकांना अडवत आणि हॉटेलमालकांना चिनी स्वयंपाकी काढून टाकण्यास भाग पाडत. धंदे बसले आणि अनेकांनी शहर सोडले. ब्यूटमध्ये असे प्रयत्न पूर्वीही झाले होते; या वेळी वेगळे घडले ते असे, की व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन संघीय न्यायालयात दावा लावला. वादी म्हणून पहिले नाव हम फे यांचे होते आणि पुढाकार घेणाऱ्यांत डॉ. ह्युई पॉक हे चिनी वैद्य होते. वकील म्हणून त्यांनी विल्बर फिस्क सँडर्स यांना नेमले. सँडर्स हे मोंटानाच्या सार्वजनिक जीवनातील वजनदार नाव. काही वर्षांपूर्वीपर्यंत ते वॉशिंग्टनला सेनेटर होते.

एकोणिसावे शतक संपता संपता न्यायालयाने बहिष्कार चालवणाऱ्यांना कायमची मनाई केली. नुकसानभरपाई वादींना मिळाली नाही. पदरात पडला तो जेमतेम कज्जाचा खर्च. तरीही या दाव्याचे मोल त्या रकमेवर ठरवता येत नाही. एक तर बहिष्काराचे हत्यार बोथट झाले, आणि वाह चाँग ताईची पक्की इमारत उभी राहिली ती नेमक्या याच काळात, हा निव्वळ योगायोग असावा असे वाटत नाही. दुसरे असे, की दाव्यासाठी दिलेल्या जबान्यांत कोणाचे दुकान कोणते, धंदा किती, नोकर किती, तोटा किती, हे सारे नोंदले गेले. ज्या वस्तीबद्दल त्या काळची वर्तमानपत्रे बहुधा टिंगलीच्या किंवा भीतीच्या सुरातच लिहीत, तिचे स्वतःच्या तोंडचे वर्णन असे न्यायालयाच्या दप्तरात सुरक्षित राहिले. वारसा जपण्याच्या इराद्याने ते कोणी केले नव्हते, पण पुढच्या इतिहासकारांना त्याच कागदांचा आधार झाला.

वाह चाँग ताईसारखे दुकान म्हणजे नुसता किराणा नव्हे. माल तेथे मिळे, गावाकडची पत्रे तेथे येत, पैसे तेथून घरी जात, नव्याने आलेल्याला कामाचा पत्ता तेथेच लागे. चिन घराण्याकडे या दुकानाची धुरा असल्यामुळे वस्तीचा मोठेपणाही आपोआप त्या घराण्याकडे होता. शेजारच्या माय वाहच्या बांधणीत एक गंमत आहे : दोन मजल्यांच्या मधोमध बुटक्या छताचा एक पोटमजला काढलेला आहे. जागेची चणचण आणि वस्तीची दाटी यांचा इतका बोलका पुरावा दुसरा सापडणे कठीण.

पुढची पिढी शिकली आणि शिकल्यावर गेली. रोझ हम ली यांचा जन्म १९०४मध्ये ब्यूटला, चिनी व्यापाऱ्याच्या घरी झाला. शिकागो विद्यापीठातून १९४७मध्ये त्यांनी समाजशास्त्रात पीएच.डी. घेतली आणि १९५६मध्ये शिकागोच्याच रूझवेल्ट विद्यापीठात त्या समाजशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. अमेरिकी विद्यापीठात हे पद मिळवणाऱ्या त्या पहिल्या चिनी-अमेरिकी व्यक्ती मानल्या जातात. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता रॉकी पर्वत प्रदेशातील चिनी वस्त्यांची वाढ आणि ऱ्हास. ज्या वस्तीने त्यांना वाढवले, तिच्या मावळण्याचे निदान त्यांनी अभ्यासकाच्या अलिप्तपणे केले. त्या परतल्या असत्या तर ब्यूटला एक नेता मिळाला असता असे म्हणण्याचा मोह होतो, परंतु परतण्याजोगे तेथे फारसे उरले नव्हते. १९४३मध्ये बंदीचा कायदा रद्द झाला तेव्हा वर्षाला अवघ्या १०५ चिनी स्थलांतरितांना प्रवेशाची मुभा मिळाली. ब्यूटच्या वस्तीत नवे रक्त भरायला तेवढी पुरेशी नव्हती. वाह चाँग ताईचे दुकान त्याच सुमारास बंद झाले आणि त्यातील शिल्लक माल चार्ल्स बोव्ही या जुन्या वस्तूंच्या संग्राहकाने विकत घेऊन मोंटानातच दुसरीकडे, आपल्या प्रदर्शनासाठी नेला. बाहेरच्याने उचलून नेला म्हणून तो वाचला, हेही मान्य करायला हवे.

शहराचीही उतरण लागली होती. १९५५मध्ये सुरू झालेल्या बर्कली पिट या उघड्या खाणीने ब्यूटच्या पूर्वेकडील वस्त्या गिळल्या आणि १९८२मध्ये ती बंद पडली तेव्हा रोजगारही गेला. अशा शहरात ओस पडलेल्या दोन जुन्या इमारतींची काळजी कोण करणार? तरी १९९१मध्ये माय वाह सोसायटी स्थापन झाली. ब्यूटकरांना आपल्या इतिहासाची ओढ मोठी आहे, आणि शहराचा जुना भाग राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून १९६१पासून मान्यता पावलेला असल्यामुळे जतनाच्या कामाची सवय लोकांना होती. सोसायटीने इमारतींची डागडुजी हाती घेतली, प्रदर्शने मांडली, आणि बोव्ही यांचा संग्रह राज्याच्या मालकीचा झाल्यानंतर काही काळाने दुकानातील माल ब्यूटला परत आणवला. चहाचे डबे आणि भांडी पुन्हा मूळच्या फळ्यांवर आली. मालकी मात्र राज्याकडेच आहे. २००७मध्ये शेजारच्या मोकळ्या जागेत झालेल्या उत्खननात हजारो वस्तू निघाल्या आणि दुकानदारांच्या इतिहासाला रोजच्या जेवणाखाण्याच्या इतिहासाची जोड मिळाली.

अशा कामाला दुसरा मार्गही असतो. ओरेगनमधील जॉन डे या गावी ‘इंग हे’ नावाच्या चिनी वैद्याची ‘काम वाह चुंग’ ही इमारत १९५५मध्ये गावाकडे आली, अट एवढीच की तिचे संग्रहालय व्हावे. पुढे गाव ते विसरून गेले आणि १९६७मध्ये दार उघडल्यावर औषधांसह सगळे जागच्या जागी सापडले. तेथे विस्मरणाने राखण केली. ब्यूटमध्ये तसे झाले नाही. येथील वस्तू विखुरल्या होत्या आणि त्या माणसांनी खटपट करून गोळा केल्या. परक्यांनी मांडलेल्या प्रदर्शनात अफूचे अड्डे आणि बोगद्यांच्या दंतकथाच पुढे येण्याचा धोका असतो, आणि ब्यूटमध्ये पर्यटकांना त्या कथा अजूनही आवडतात. संग्रहालयाने भर दिला तो दुकानावर, कुटुंबांवर आणि बहिष्काराच्या खटल्यावर. माझ्या मते सोसायटीचे सर्वांत महत्त्वाचे काम हेच होय.

सोसायटी दरवर्षी चिनी नववर्षाची मिरवणूकही काढते. तैवानकडून भेट मिळालेला ड्रॅगन तिच्यात नाचतो, फटाक्यांच्या माळा लागतात आणि कडाक्याच्या थंडीत ब्यूटकर ती जगातली सर्वांत छोटी, सर्वांत गोंगाटाची आणि सर्वांत गारठ्याची मिरवणूक असल्याचे हसत सांगतात.

वस्तीचा जो धागा मुळीच तुटला नाही, तो मात्र चिनी कुटुंबाच्या हाती आहे. साउथ मेन स्ट्रीटवरचे पेकिन नूडल पार्लर १९११चे. अमेरिकेतील अखंड चालू असलेले सर्वांत जुने चिनी रेस्टॉरंट म्हणून ते ओळखले जाते. जिना चढून गेल्यावर लाकडी फळ्यांनी विभागलेली छोटी छोटी दालने लागतात आणि खाणकामगारांच्या पाळ्यांशी जुळवून घेतलेली संध्याकाळ-रात्रीची वेळ अजून पाळली जाते. १९४७मध्ये चीनमधून आलेले डॅनी वाँग यांनी ते अनेक दशके चालवले. २०२०मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा व्यवहार मुलाकडे आला, आणि २०२३मध्ये जेम्स बिअर्ड फाउंडेशनने अमेरिकेतील जुन्या, लोकप्रिय खाद्यगृहांसाठी असलेला सन्मान पेकिनला दिला.