पकडीविना मीलन: सह्याद्रीतला रातबेडूक

पाऊस ओढ देऊ लागला की कुठे ना कुठे बेडकांचं लग्न लावल्याची बातमी येतेच. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, पाणीही तिच्यातूनच शोषतो. त्या कातडीवर हळद-कुंकू थापणं हा निव्वळ छळ आहे. बेडूक पाऊस आणत नाही. पाऊस आला की त्याची वीण सुरू होते. आणि ही वीण कोणत्याही लग्नापेक्षा बघण्यासारखी असते. आपल्याच घाटातल्या एका बेडकाची तर फारच.

त्याचं शास्त्रीय नाव निक्टिबॅट्राकस हुमायुनी. भादुरी आणि कृपलानी यांनी 1955 साली त्याचं वर्णन केलं आणि निसर्गअभ्यासक हुमायून अब्दुलअलींचं नाव त्याला दिलं. इंग्रजीत त्याला बॉम्बे नाइट फ्रॉग म्हणतात, आपण रातबेडूक म्हणू. चार-पाच सेंटिमीटरचा, सुरकुतलेल्या कातडीचा, तपकिरी. माथेरान, खंडाळा, कोयना या पट्ट्यातल्या झाडीखालच्या वाहत्या ओहोळांवर तो राहतो. निक्टिबॅट्राकस ही अख्खी प्रजातीच, म्हणजे या बेडकाच्या जवळच्या जातींचा सगळा गटच, पश्चिम घाटाबाहेर कुठे सापडत नाही.

आता खरी गंमत. बहुतेक बेडकांमध्ये फलन शरीराबाहेर होतं. मादी अंडी घालत असताना त्याच क्षणी नराचे शुक्राणू त्यांवर पडायला हवेत, म्हणून नर तिच्या पाठीवर बसून तिला काखेत किंवा कमरेशी घट्ट धरून ठेवतो. जगभरातल्या सुमारे सात हजार जातींमध्ये अशा मीलनाचे सहाच प्रकार ठाऊक होते. दिल्ली विद्यापीठाच्या सत्यभामा दास बिजू यांच्या चमूने कोयनेजवळच्या हुंबरळीत पावसाळी रात्री जागून या रातबेडकाचं चित्रण केलं आणि 2016 साली सातवा प्रकार जगासमोर मांडला.

ओहोळावर झुकलेल्या पानावर बसून नर साद घालतो. मादी येते. नर तिच्या पाठीवर चढतो, पण तिला धरत नाही. त्याचे पुढचे पाय पानावर, फांदीवर किंवा खोडावर टेकलेले असतात. थोड्या वेळाने तो उतरतो. मादी अंडी घालते ती त्यानंतर! मग ती फलित कशी होतात? अंडी बाहेर येताना नर तिच्या अंगावर नसतो, तरीही त्यांत पिल्लं वाढतात. म्हणजे शुक्राणू आधीच मादीच्या पाठीवर सोडलेले असणार. अंडी घालून झाल्यावर मादी मागचे पाय लांबवते आणि पाठीवरचा तो द्रव ओघळत खाली अंड्यांवर येतो. वेळ साधायचं जे काम इतर बेडकांत नराची पकड करते, ते इथे उतार आणि मादीची हालचाल करते. हे वाचलं तेव्हा मी पुन्हा पुन्हा मागे जाऊन प्रत्येक पायरी पडताळली, इतकं ते सुबक आहे.

शिवाय या जातीत मादीही आवाज काढते. बेडकांत हे दुर्मीळ. बहुतेक जातींत बोलतो तो नरच. त्या वर्षी बातम्यांचे काही मथळे मात्र चावटपणातच अडकले.

काही दिवसांनी अंड्यांतून डिंभक, म्हणजे शेपटीवाली पिल्लं, बाहेर येतात आणि थेट खालच्या पाण्यात पडतात. म्हणून पान नेमकं पाण्यावर झुकलेलंच हवं. ओहोळाकाठची झुडपं पर्यटकांसाठी ‘साफ’ केली, काठाला सिमेंट लावलं, तर पाणी वाहतच राहील आणि वरून पाहणाऱ्याला सगळं ठीकच वाटेल. पण नराला पाय टेकायला पान उरणार नाही, मादीला अंडी घालायला जागा उरणार नाही. घाटातल्या प्रत्येक सुशोभीकरणाच्या आराखड्यात काठाची झाडी राखली आहे का, हे आधी बघायला हवं.