नांदूर मधमेश्वर : कालव्यांचे बंधारे व पाणथळ

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील बंधारा आणि त्याच्या फुगवट्यात (मागे अडलेल्या पाण्यात) तयार झालेली पाणथळ जागा. गावाचे नाव ‘मध्यमेश्वर’ असेही लिहितात. नदीपात्रातील शिवमंदिरावरून ते आले असावे. त्या दृष्टीने ‘मध्यमेश्वर’ हे मूळ रूप व ‘मधमेश्वर’ हा त्याचा बोलीतला घसरलेला उच्चार मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

बंधाऱ्याच्या कालाबाबत एकवाक्यता नाही. काम १९०७ च्या सुमारास सुरू झाले असे सामान्यतः मानतात. पूर्ततेचे वर्ष मात्र काही ठिकाणी १९११, काही ठिकाणी १९१३, तर क्वचित १९१६ दिलेले आढळते. बंधारा, दोन्ही कालवे आणि वरचे दारणा धरण ही एकाच योजनेची कामे असल्याने वेगवेगळ्या टप्प्यांची वर्षे एकमेकांत मिसळली असावीत.

हा साठवणीचा नव्हे, पाणी वळवण्याचा बंधारा आहे. दारणा व गंगापूर धरणांतून नदीत सोडलेले पाणी येथे अडते आणि गोदावरी डाव्या व उजव्या कालव्यांत शिरते. कोपरगाव, राहाता भागांतील ऊस याच पाटपाण्यावर वाढला. शतकभरात फुगवट्यात गाळ साचत गेला. त्यातून उथळ पाणी, बेटे, पाणकणीस या पाणवनस्पतीची दाटी आणि चिखलाणी (चिखलाची सपाट जमीन) तयार झाली. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात ही साठ्याची तूट, पक्ष्यांच्या हिशेबात मात्र अधिवास. म्हणूनच ‘गाळ काढा’ ही मागणी येथे इतर धरणांइतकी सरळ राहत नाही. पाण्याची पातळीही ऋतूपेक्षा आवर्तनावर (कालव्यांना पाणी सोडण्याच्या पाळीवर) हलते : कालव्याच्या मुखाशी पाणी चढवायचे तेव्हा चिखलाणी बुडते, आवर्तन संपले की उघडी पडते. पाणलाव्यांसारख्या चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना उघडा चिखल लाभतो. पाण्यालगत घरटी करणाऱ्यांना पातळीचा अवचित चढउतार महागात पडतो.

येथील पक्षी अभयारण्याची घोषणा १९८६ मध्ये झाली; क्षेत्र सुमारे १०० चौ. किमी. महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे पाणथळ जागांविषयीच्या आंतरराष्ट्रीय रामसर करारात नोंदलेली जागा, हेच (१,४३७ हेक्टर). नोंदीची तारीख जून २०१९ ची, पण जाहीर झाले जानेवारी २०२० मध्ये. त्यामुळे दोन्ही वर्षे प्रचारात आहेत. रामसर कराराच्या व्याख्येत नैसर्गिक व कृत्रिम असा भेद नाही. भारतातील २०१७ च्या पाणथळविषयक नियमांनी मात्र खास सिंचनासाठी उभारलेल्या रचना व्याख्येतून वगळल्या आहेत. त्या कसोटीवर नांदूर मधमेश्वरचे स्थान अवघडच, पण वन्यजीव कायद्याखालील क्षेत्रांना ते नियम लागूच नसल्याने व्यवहारात प्रश्न उद्भवत नाही.

पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी या जागेला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हटल्याचे सांगतात. ही तुलना पक्ष्यांपुरती घेतली जाते, तरी पाण्याच्या बाबतीत ती अधिक खरी आहे. राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव पक्षी उद्यानही (रामसर नोंद १९८१) अजान बांध व घना कालव्याच्या पाण्यावर उभे आहे, आणि वर गंभीर नदीवर पांचना धरण झाल्यावर तेथे कोरड पडू लागली.

निफाड भागातील शेतांचे निचऱ्याचे पाणी व नाशिक शहराचे सांडपाणी वरून येते. जलपर्णीचा प्रादुर्भाव त्याच्याशी जोडला जातो. अलीकडच्या काळात येथूनच जलद कालव्याने मराठवाड्यातील वैजापूर, गंगापूर तालुक्यांकडे पाणी नेले जाते. त्यासाठी मुकणे, भावली, वाकी व भाम ही इगतपुरी तालुक्यातील धरणे बांधण्यात आली. पुराचे पाणी बंधाऱ्यावरून पुढे जायकवाडीत जाते. तो जलाशयही १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे.