सोरेंतो अमाल्फी कोस्टवर नाही

ओळखीतलं कुणी दक्षिण इटलीला निघालं की मला फोन येतो आणि वाक्य ठरलेलं असतं: "अमाल्फी कोस्टला चार दिवस आहोत, सोरेंतोला हॉटेल घेतलंय." मी विचारते, मग अमाल्फी कोस्टला जाणार कधी? पलीकडे शांतता. मग, "अगं, तेच तर सांगतेय, सोरेंतोला!"

सोरेंतो तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. नेपल्सहून सुटणाऱ्या चिर्कुमव्हेझुव्हियाना नावाच्या खडखड्या लोकलचं शेवटचं स्टेशन, वाटेत पॉम्पेई, बंदरातून काप्री बेटाची बोट, संध्याकाळी तास्सो चौकात कॉफी. (हा तास्सो कवी, जन्म १५४४, याच गावातला.) गाव कड्यावर आहे, त्यामुळे वाळू अगदीच थोडी, समुद्रात खांब रोवून केलेल्या फळ्यांवर लोक ऊन खात पडलेले असतात. वरचं गाव बऱ्यापैकी सपाट, पर्यटकांना सरावलेलं, सोयीचं. टूरवाले तिथे उतरवतात ते याचसाठी. एवढं पुरे.

आता मुद्द्याचं. नकाशा उघडा. नेपल्सच्या दक्षिणेला जमिनीचं एक बोट समुद्रात शिरलेलं दिसेल, टोक काप्रीकडे रोखलेलं. या अख्ख्या बोटाला सोरेंतो द्वीपकल्प म्हणतात, आणि घोळाचं मूळ या नावातच आहे. बोटाच्या मधून लात्तारी डोंगरांची रांग कण्यासारखी जाते. लात्ते म्हणजे दूध, नाव इथल्या चरणाऱ्या गुरांमुळे पडलं. रांगेतलं सगळ्यात उंच शिखर १,४४४ मीटर, म्हणजे टेकड्या समजू नका. या रांगेचा उत्तर उतार नेपल्सच्या आखाताकडे जातो, दक्षिण उतार सालेर्नोच्या आखाताकडे. सोरेंतो उत्तरेला. अमाल्फी कोस्ट दक्षिणेला. थोडक्यात, अमाल्फी कोस्ट सोरेंतो द्वीपकल्पावर आहे, पण सोरेंतो अमाल्फी कोस्टवर नाही. हवं तर हे वाक्य पुन्हा वाचा, मला थांबायला वेळ आहे.

पटत नसेल तर सोरेंतोच्या वरच्या डोंगरावर 'सांताआगाता सुई दुए गोल्फी' नावाचं खेडं आहे. नावाचा अर्थच दोन आखातांवरची सांताआगाता. तिथल्या जुन्या मठाच्या गच्चीवरून एकीकडे मान वळवली की व्हेसुव्हियस ज्वालामुखी आणि नेपल्स, दुसरीकडे वळवली की सालेर्नोचं आखात. दोन्ही पाणी एकदम दिसायला कण्यावरच चढावं लागतं. एरवी जे दिसतं ते एकाच बाजूचं. म्हणून माझी सोपी कसोटी: हॉटेलच्या फोटोत खिडकीतून व्हेसुव्हियस दिसतोय ना? मग ते हॉटेल अमाल्फी कोस्टवर नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

सरकारी सीमाही बरीचशी याच कण्याला धरून आहे. सोरेंतो नेपल्सच्या हद्दीत. पूर्वी तो नेपल्स प्रांत होता, २०१५ पासून त्याला महानगर म्हणतात. पोझितानोपासून व्हिएत्री सुल मारेपर्यंतची तेरा गावं मात्र सालेर्नो प्रांतात, आणि अमाल्फी कोस्ट म्हणजे हीच तेरा. त्यामुळे बुकिंगआधी पत्त्याचा शेवट वाचायची सवय लावा. पिनकोड ८० ने सुरू आणि शेवटी 'एनए' असेल तर नेपल्स, ८४ आणि 'एसए' असेल तर सालेर्नो. पर्यटकाने इटालियन म्हणून एवढं शिकलं तरी निम्मे घोळ मिटतील. 'बरीचशी' म्हटलं कारण अपवाद आहेत. नेरानो हे खेडं दक्षिण अंगाला असूनही नेपल्सकडे मोडतं. आणि अमाल्फीच्या थेट डोक्यावर असलेलं आजेरोला हेही नेपल्सचंच, त्यामुळे 'देवांची वाट' म्हणून जी प्रसिद्ध पायवाट आहे ती सुरू होते नेपल्सच्या हद्दीत आणि उतरते पोझितानोच्या वरच्या नोचेल्लेत, सालेर्नो प्रांतात.

"दहा-पंधरा किलोमीटर इकडेतिकडे, काय फरक पडतो?" हा पुढचा प्रश्न. फरक असा पडतो. माझ्या मामेबहिणीने दोन वर्षांपूर्वी सोरेंतोला मुक्काम केला, सोबत सत्तरीचे मामा. रोज सकाळी बसने अमाल्फी, संध्याकाळी परत, असा बेत. अंतर जेमतेम तीस किलोमीटर. पण रस्ता म्हणजे एकोणिसाव्या शतकात बोर्बन राजांच्या काळात कडा खोदून काढलेला, आजचा एसएस १६३. दोन बस समोरासमोर आल्या की एकीने मागे सरायचं, आरसे दुमडायचे, मग ड्रायव्हर लोकांचं हातवाऱ्यांचं संभाषण. नुसता प्रवास दीड तासाच्या वर. जाताना जागा मिळाली, कारण बस सोरेंतोहूनच सुटते. येताना अमाल्फीच्या चौकात तीनशे माणसं आणि एक बस. मामा सोरेंतोपर्यंत उभे. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "मी खोलीत बसतो, तू तुझं बघून ये." चार दिवसांच्या अमाल्फी कोस्टमधला एक दिवस अमाल्फी कोस्टवर गेला. गाडी भाड्याने घ्यायचा सल्ला देऊ नका. उन्हाळ्यात गर्दीच्या दिवसांत या रस्त्यावर सम-विषम नंबरप्लेटचा नियम असतो आणि पार्किंग सोन्याच्या भावाने.

रेल्वे? या तेरा गावांत स्टेशन एकच, व्हिएत्रीला, अगदी पूर्व टोकाला. त्याचं नाव मात्र 'व्हिएत्री सुल मारे–अमाल्फी'. अमाल्फी तिथून वीसेक किलोमीटर घाटाने. रेल्वेला दंडवत.

दुसरा, किरकोळ गोंधळ: अमाल्फी हे गाव आणि अमाल्फी कोस्ट हा किनारा. गावाची लोकसंख्या पाच हजारांच्या आसपास, पण एकेकाळी व्हेनिस, जिनोआ आणि पिसा यांच्या पंक्तीला बसणारं सागरी गणराज्य; आजही इटालियन नौदलाच्या निशाणावर या चौघांची चिन्हं आहेत. १३४३ च्या समुद्री उत्पातात खालचं शहर बुडालं आणि उरलं ते हे. दहा मिनिटं चालत गेलात की आत्रानी, क्षेत्रफळ ०.१२ चौरस किलोमीटर, इटलीतली सगळ्यात छोटी नगरपालिका. रावेल्लो किनाऱ्यावर नाहीच, वर साडेतीनशे मीटरवर आहे. 'रावेल्लो बीच' विचारणाऱ्यांना मी उत्तर देणं बंद केलंय. १९९७ साली युनेस्कोने यादीत घेतला तो अख्खा किनारा, गाव नव्हे.

लिंबांवरून भांडायचं असेल तर: सोरेंतोचं लिंबू अंडाकृती, अमाल्फीचं 'स्फुसातो' लांबट आणि टोकदार. दोघांनाही वेगळं भौगोलिक मानांकन आहे. लिमोनचेल्लोची, म्हणजे लिंबाच्या मद्याची, बाटली उलटी करून लेबल वाचा, झालं.

मग राहायचं कुठे? सालेर्नोत. लोक तोंड वाकडं करतात, "ते तर बंदर आहे." आहेच. साधंसुधं, खऱ्या लोकांचं बंदराचं शहर, मध्ययुगात युरोपातले वैद्य जिथे शिकायला येत ते. रोमहून वेगवान गाडी थेट इथवर येते, साधारण दोन तासांत. स्टेशनातून चालत धक्क्यावर जायचं आणि एप्रिल ते ऑक्टोबरच्या हंगामात बोट धरायची. अमाल्फी पस्तीसेक मिनिटं. तो किनारा मुळात समुद्रातूनच बघायचा आहे. रस्ता होण्याआधी तिथले लोकही होडीनेच जात-येत. मामांना मी इथे उतरवलं असतं तर चारही दिवस खुर्चीवर बसून गेले असते.

शिवाय सालेर्नो प्रांत अमाल्फीला संपत नाही, तिथून सुरू होतो. एकशे अठ्ठावन्न नगरपालिका आहेत त्यात. आपण तेरा बघून परत येतो. दक्षिणेला लोकलने पेस्तुमला जा. ग्रीकांनी बांधलेली तीन देवळं गवतात उभी आहेत, अडीच हजार वर्षांची, आणि आजूबाजूच्या शेतांत म्हशी. खरा मोझरेल्ला या म्हशींच्या दुधाचा. आपल्याकडच्या माणसाला तिथे एकदम घरच्यासारखं वाटतं, निदान वासाने तरी. त्याच्याही खाली चिलेंतो, तिथे तर मराठी माणूस मला अजून भेटलेला नाही.

शाकाहाऱ्यांसाठी एक सूचना, कारण यात फसलेले लोक मी पाहिले आहेत. चेतारा गावात 'कोलातुरा' घातलेली स्पॅगेटी मिळते. ताटात मासा कुठेच दिसत नाही, फक्त लसूण, तेल आणि एक मधाच्या रंगाचा पातळ रस. तो रस म्हणजे मिठात महिनोन्‌महिने मुरवलेल्या अँचोव्ही माशांचा निथळ. खाणाऱ्यांनी जरूर खावी, अप्रतिम असते. न खाणाऱ्यांनी विचारून घ्यावं.

आणि एवढं वाचूनही सोरेंतोलाच राहणार असाल तर बसचं तिकीट आधी तंबाखूच्या दुकानातून घ्या आणि अमाल्फीला जाताना उजवीकडची खिडकी धरा. सालेर्नोहून निघालात तर डावीकडची.