गाएल गार्सिया बेर्नाल : सुरुवातीच्या काळोख्या भूमिका (२०००–२००६)

मेक्सिकन अभिनेता गाएल गार्सिया बेर्नाल (जन्म ३० नोव्हेंबर १९७८, ग्वादालाहारा) याने विशीत असताना ज्या गडद कौटुंबिक आणि धार्मिक नाट्यांत काम केले, त्या भूमिकांविषयीची ही नोंद. दिग्दर्शक वेगळे, देशही वेगळे. पण या भूमिका ओळीने पाहिल्या तर एक पोरगा पुन्हापुन्हा भेटतो. चेहऱ्याने निरागस, बोलायला लाघवी, आणि दुसऱ्याच्या ताटातले उचलायला निघालेला. तो दुसरा बहुतेक वेळा सख्खा, सावत्र किंवा मानलेला भाऊच असतो. मराठीत याला भाऊबंदकी म्हणतात, फक्त इथे भांडण शेताच्या बांधावरून होत नाही. बायको, नाव आणि बाप यांवरून होते.

बेर्नालच्या घरातच अभिनय होता. आई पात्रिसिया बेर्नाल अभिनेत्री, वडील होसे आन्खेल गार्सिया अभिनेते आणि दिग्दर्शक. टेलिनोव्हेला, म्हणजे लॅटिन अमेरिकेतल्या दैनंदिन मालिका, यांत तो लहानपणीच झळकला. १९९२ च्या ‘एल आबुएलो ई यो’ या मालिकेत त्याच्यासोबत बालमित्र दिएगो लुना होता. पुढे मेक्सिको शहराच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठात त्याने तत्त्वज्ञानाला प्रवेश घेतला. १९९९ मध्ये तिथे विद्यार्थ्यांचा प्रदीर्घ संप झाला. त्याच सुमारास तो लंडनला गेला आणि सेंट्रल स्कूल ऑफ स्पीच अँड ड्रामा या नाट्यशाळेत शिकू लागला. मालिकांतल्या गोंडस मुलाचा नट झाला तो या वळणावर.

पहिला मोठा चित्रपट ‘आमोरेस पेर्रोस’ (२०००). दिग्दर्शक आलेहांद्रो गोन्सालेस इन्यारितू यांचाही तो पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. पटकथा गियेर्मो आरियागा यांची. ‘आमोरेस’ म्हणजे प्रेमप्रकरणे आणि ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा, पण मेक्सिकन बोलीत तो शब्द ‘खडतर, वाईट’ अशा अर्थानेही येतो, त्यामुळे शीर्षकाचा नेमका अनुवाद होत नाही. मेक्सिको शहरातल्या एका मोटार अपघाताभोवती तीन कथा गुंफलेल्या आहेत. त्यांपैकी पहिलीत बेर्नाल हा ऑक्तावियो. भाऊ रामिरो दिवसा दुकानात काम करतो, उरलेल्या वेळी दरोडे घालतो आणि बायको सुसानाला मारतो. ऑक्तावियोचा जीव सुसानावर. तिला घेऊन पळून जायचे तर पैसा हवा, म्हणून तो घरातला रॉटवायलर कोफी कुत्र्यांच्या झुंजीत उतरवतो.

या भूमिकेतली खरी मेख ऑक्तावियोच्या प्रामाणिकपणात आहे. आपण सुसानाची सुटका करतोय, अशी त्याची मनापासून समजूत असते. त्याच समजुतीच्या जोरावर तो भाड्याच्या गुंडांकडून भावाला बेदम बडवून घेतो. बेर्नाल हे दोन्ही एकाच चेहऱ्याने करतो, खलनायकी छटा चढवत नाही. म्हणून प्रेक्षक बराच वेळ त्याच्या बाजूने राहतो आणि मग ओशाळतो. सुसाना पैसे घेऊन रामिरोबरोबरच निघून जाते. पुढे रामिरो दरोड्यात मारला जातो, तरीही ती ऑक्तावियोकडे येत नाही. बस सुटते, तो स्थानकावर उभाच. तिसऱ्या कथेतही एक भाऊ दुसऱ्याचा खून करवून घ्यायला सुपारी देतो, म्हणजे बायबलमधल्या काइन आणि हाबेल या भावांची (थोरला काइन धाकट्याला मारतो) छाया चित्रपटभर आहे. छायालेखक रोद्रिगो प्रिएतो यांनी प्रयोगशाळेत फिल्म धुताना तिच्यातली चांदी पूर्ण काढू दिली नाही. त्यामुळे रंग विटके, सावल्या कोळशासारख्या आणि त्वचा घामट दिसते. कान महोत्सवात या चित्रपटाने ‘समीक्षक सप्ताह’ या विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळवले, पुढे परदेशी भाषेतील चित्रपटाचे ऑस्कर नामांकनही.

अल्फोन्सो क्वारोन यांचा ‘ई तू मामा ताम्बिएन’ (२००१) वरवर पाहता उन्हातला आहे : दोन मित्र, वयाने मोठी एक स्त्री, समुद्राकडे निघालेली गाडी. पण अलिप्त निवेदक मध्येच पात्रांचे बोलणे तोडून रस्त्यावरचे मृत्यू आणि पुढे होणारी ताटातूट सांगतो, आणि सहलीचा रंग उतरतो. बेर्नालचा हुलिओ आणि लुनाचा तेनोच यांनी एकमेकांच्या प्रेयसींशी संबंध ठेवलेले असतात. हे उघड झाल्यावर मैत्री टिकत नाही. व्हेनिसमध्ये नवोदित कलाकारांसाठीचे मार्चेल्लो मास्त्रोयान्नी पारितोषिक दोघांना मिळून दिले गेले.

‘एल क्रिमेन देल पाद्रे आमारो’ (२००२) हा या गटातला सर्वांत गाजलेला आणि सर्वांत वादग्रस्त. मूळ कादंबरी एकोणिसाव्या शतकातले पोर्तुगीज लेखक एसा दे केइरोस यांची. दिग्दर्शक कार्लोस कारेरा आणि पटकथाकार विसेन्ते लेन्येरो यांनी ती आजच्या मेक्सिकोतल्या एका छोट्या गावात आणली. नुकतीच दीक्षा घेतलेला तरुण पाद्री आमारो (बेर्नाल) बसने गावाकडे येत असतो. वाटेत दरोडा पडतो, आणि लुटल्या गेलेल्या म्हाताऱ्याला तो स्वतःजवळचे पैसे देऊन टाकतो. सुरुवात अशी सद्गुणी आहे, हे लक्षात ठेवावे. गावात पाहतो तर ज्येष्ठ पाद्री अमली पदार्थांच्या तस्कराच्या पैशातून इस्पितळ बांधत आहेत आणि डोंगरातला एक पाद्री शेतकरी बंडखोरांना साथ देतो आहे. बिशपच्या मर्जीतला आमारो सोयीची बाजू ओळखायला फार वेळ घेत नाही. दरम्यान आमेलिया या तरुणीशी त्याचे संबंध जुळतात. मरियमच्या मूर्तीसाठीचा निळा झगा तो तिच्या अंगावर पांघरतो, ते दृश्य विशेष बदनाम झाले. ती गरोदर राहते, बेकायदा गर्भपातात दगावते. दोष तिच्या जुन्या प्रियकरावर येतो आणि तिला वाचवायला धावल्याचे श्रेय आमारोला. तिच्या अंत्यविधीचा मिसा, म्हणजे चर्चमधली उपासना, तोच म्हणतो.

पोप जॉन पॉल दुसरे यांची मेक्सिको भेट आटोपून जेमतेम दोन-तीन आठवडे झाले होते, तेव्हा ऑगस्ट २००२ मध्ये हा चित्रपट लागला. कॅथलिक संघटनांनी बंदीची मागणी केली. व्हायचे तेच झाले : रांगा लागल्या, आणि तोवरच्या मेक्सिकन चित्रपटांत सर्वाधिक कमाई याने केली. कलाकृती म्हणून तो ‘आमोरेस पेर्रोस’च्या जवळपासही जात नाही, मांडणी मालिकेच्या वळणाची आहे. तरी आमारोचे हळूहळू निबर होत जाणे बेर्नालने जपून दाखवले आहे. पाप करताना हा माणूस दचकतो. पांघरूण घालताना मात्र दचकत नाही.

‘ला माला एदुकासिओन’ (२००४) ने त्या वर्षीच्या कान महोत्सवाचे उद्घाटन झाले. स्पेनच्या पेद्रो आल्मोदोवार यांच्या या चित्रपटात बेर्नालला एका माणसाचे अनेक मुखवटे करायचे होते. १९८० च्या माद्रिदमध्ये एक तरुण एका दिग्दर्शकाकडे येऊन शाळेतला जुना मित्र इग्नासिओ म्हणून ओळख सांगतो, शाळेतल्या पाद्रीने केलेल्या लैंगिक अत्याचारावरची कथा हातात ठेवतो आणि त्यात साहारा या तृतीयपंथी पात्राची भूमिका मागतो. प्रत्यक्षात तो इग्नासिओचा धाकटा भाऊ हुआन. इग्नासिओ मेलेला आहे, आणि त्याला मारण्यात हुआनचा हात आहे. भावाचे नाव, भावाची कथा, भावाचे दुःख, सगळे त्याने लाटलेले. बेर्नालला यासाठी स्पेनचा उच्चार शिकावा लागला. मेक्सिकोत जिथे ‘स’ म्हणतात, तिथे माद्रिदमध्ये अनेक शब्दांत ‘थ’ येतो. गंमत अशी की त्याच महोत्सवात तो ‘दिआरिओस दे मोतोसिक्लेता’ मध्ये तरुण क्रांतिकारक चे गेव्हारा म्हणूनही दिसत होता, अगदी उलट टोकाला. जगाने लक्षात ठेवला तो चे; नट म्हणून कस लागला तो हुआनमध्ये.

जेम्स मार्श यांचा इंग्रजी ‘द किंग’ (२००५) फारसा पाहिला गेला नाही. अमेरिकी नौदलातून सुटलेला एल्व्हिस टेक्सासमधल्या कॉर्पस क्रिस्टीला जन्मदात्याला शोधत येतो. तो बाप आता प्रतिष्ठित धर्मोपदेशक (विल्यम हर्ट). एल्व्हिसला घराबाहेरच ठेवतो. मग एल्व्हिस सावत्र बहिणीला नादी लावतो, सावत्र भावाचा खून करतो आणि त्या रिकाम्या जागी बापाच्या घरात शिरतो. बेर्नालने इथे आवाज चढवलेलाच नाही, आणि भीती वाटते ती त्यामुळेच.

‘बाबेल’ (२००६) मध्ये तो पुन्हा इन्यारितूंकडे आला, छोट्या भूमिकेत. सान्तियागो हा भाचा मावशीला आणि ती सांभाळत असलेल्या दोन अमेरिकी मुलांना लग्नाहून परत आणत असतो. दारू प्यायलेला, सीमेवरच्या शिपायाशी हुज्जत घालून गाडी पळवतो आणि तिघांना वाळवंटात अंधारात उतरवून निघून जातो. मावशीच्या भूमिकेत आद्रियाना बारासा आहेत. ‘आमोरेस पेर्रोस’ मध्ये ऑक्तावियोची आई त्याच झाल्या होत्या. गाडीचे दिवे दूर जातात. सान्तियागोचे पुढे काय झाले ते चित्रपट सांगत नाही.